‘शांत झाला’ म्हणालीस तेव्हा

प्रिय छकुली,

काल पहाटे तुझा फोन आला तेव्हा मी अंगण झाडत होते. रात्रपाळी संपवून तू खोलीवर चालली होतीस, आवाज पार बसलेला. बेड नंबर ४ च्या पेशंटनं रात्रभर उसंत दिली नाही, म्हणालीस. नळीला हात घालत होता, पाय आपटत होता, मॉनिटर सारखा ओरडत होता, आणि आठ बेडना तुम्ही दोघीच. मग म्हणालीस, “शेवटी सरांना विचारून मिडाझ वाढवलं आत्या, हात बांधले, तेव्हा कुठं शांत झाला.”

फोन ठेवला आणि झाडू हातातच राहिला. ‘शांत झाला’ हे आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात. तुझ्या तोंडी तो शब्द सुटकेचा होता, मला कळतं. ३१ वर्षं मीही तो तसाच वापरला. तरी दिवसभर तो डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. तुला रागवायला लिहीत नाही. तुझ्याबरोबरच्या पोरींनाही वाचायला दे.

तुझ्या बाबांना, म्हणजे माझ्या दादाला, मण्यार चावली तेव्हा तू सातवीत होतीस. तुला आम्ही मावशीकडं ठेवलं होतं, त्यामुळं तुला त्या गोष्टीचं टोक तेवढं ठाऊक आहे: साप चावला, नागपूरला नेलं, बरे झाले. मधलं कुणी सांगितलं नाही.

रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावायचे आणि रात्री ओसरीत खालीच अंग टाकायचं. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि तिचा दंश इतका बारीक की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे चारला दादाच्या पोटात कळ आली, दोनदा ओकारी झाली. सगळ्यांना वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. उजाडलं तेव्हा तो म्हणाला, “डोरे उघडून नाही राह्यले.” पापण्या खाली आल्या होत्या. मग बोलणं घोगरं झालं, गिळता येईना. ग्रामीण रुग्णालयात पोचेपर्यंत मान धरवत नव्हती. तिथं सर्पदंशाची लस चढवली, नळी टाकली आणि १०८ मध्ये घातलं. नागभीड, भिवापूर, उमरेड असा नागपूरपर्यंतचा सगळा रस्ता अंबू बॅग हातानं दाबत गेलो. गाडीतल्या डॉक्टरचा हात दुखला की मी दाबायची, माझा दुखला की तुझी आई. तिला तोवर नाडीसुद्धा बघता येत नव्हती.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर बसतं, जिथून स्नायूला हुकूम जातो तिथं. एकदा ती टोकं निकामी झाली की लस त्यांना उभी करू शकत नाही. ती पुन्हा फुटावी लागतात आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तोवर यंत्रानं श्वास द्यायचा आणि वाट बघायची. या काळात पेशंट हलत नाही, पापणी उचलत नाही, बाहुल्या मोठ्या होऊन उजेडालाही दाद देत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, मेंदू गेला. आणि तो आत पूर्ण जागा असतो.

आम्ही पोचलो त्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरानं टॉर्च मारला आणि शेजाऱ्याला हळूच सांगितलं, “काही उरलं नाही.” माझ्यासमोर, दादाच्या डोक्याशी. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. त्यांनी कागद वाचला, वाकले आणि दादाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “तुम्हाला मण्यार चावली आहे. तुम्ही बरे होणार आहात. श्वास मशीन देतंय, घाबरू नका.” मग आमच्याकडं वळून म्हणाले, “याला सगळं ऐकू येतंय. बोलत राहा.”

तुझ्या आईला काय बोलावं सुचेना. मग ती रोवणीचा हिशोब सांगायला लागली. आज तळ्याखालची बांधी झाली, उद्या कडेची घेऊ, बायांची मजुरी इतकी झाली, धुऱ्यावरचं पाणी शेजाऱ्यानं अडवलंय. रोज येऊन तेच. सहाव्या दिवशी तिनं सांगितलं की शेवटची बांधी रोवून झाली, आणि दादाच्या उजव्या हाताचा अंगठा हलला. मी नर्स, मला वाटलं भास असेल. ती म्हणाली, “भास नाही वन्सं, ते विचारून राहिले, पऱ्हे पुरले का.”

यंत्रावरून सुटल्यावर मी दादाला विचारलं, सगळ्यात त्रास कशाचा झाला? मला वाटलं नळीचा म्हणेल, सक्शनचा म्हणेल. तो म्हणाला, “माया कान दुमडला होता वो बाई. रातभर.” कुणीतरी कूस बदलून दिली तेव्हा कान उशीखाली उलटा दबला होता. त्याला हात हलवता येत नव्हता, आवाज काढता येत नव्हता, आणि जाणारी प्रत्येक सिस्टर मॉनिटरकडं बघून पुढं जात होती. त्या रात्री त्या चार्टवर काय लिहिलं असेल सांग बरं? पेशंट शांत.

अशा माणसाला थोडं गुंगीचं औषध हवंच, हेही लक्षात ठेव. अंग लुळं आणि मन जागं यासारखी भीती नाही. पण दादा म्हणतो, औषधानं भीती बोथट व्हायची, आवाजानं ती जायची. तुझ्या आईचा आवाज आला की त्याला कळायचं, आपण कुठं आहोत आणि किती दिवस झालेत.

आता तुझ्या मिडाझकडं, त्या गुंगीच्या औषधाकडं येते. तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल तरी कामात पडल्यावर माणूस विसरतो, म्हणून सांगते. आपण देतो ती झोप नसते. झोपेत मेंदू आपली कामं उरकत असतो, या औषधांनी तो नुसता झाकला जातो. झाकणाखाली काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. मिडॅझोलाम मेदात साठतं, आणि मूत्रपिंड बिघडलेलं असलं तर पंप बंद केल्यावरही दिवसच्या दिवस अंगातून निघत नाही. मग आपण म्हणतो, पेशंट उठत नाही. कसा उठेल?

सुरुवातीपासून असं नव्हतं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं मुलांच्या गळ्यात छेद देऊन नळी बसवली आणि पिशवी हातानं दाबून श्वास द्यायची पद्धत सुरू केली. पुरेशी यंत्रं नव्हतीच. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले. आजचा अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाला, असं मानतात. त्यातले बहुतेक रुग्ण जागे असत, आणि पिशवी दाबता दाबता पोरं त्यांना गोष्टी वाचून दाखवत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा उमरेडच्या रस्त्यावरची तुझी आई आठवली.

मग यंत्रं आली. जुनी यंत्रं माणसाच्या श्वासाशी जुळवून घेत नसत, म्हणून माणसालाच निपचित करायचं, अशी रीत पडली. पुढं यंत्रं सुधारली, पेशंटनं श्वास घेतला की ओळखायला लागली. रीत मात्र तशीच राहिली. तू म्हणतेस ना, “पेशंट व्हेंटिलेटरशी फाइट करतोय”, ते त्याच काळातलं बोलणं.

२००० साली शिकागोच्या डॉ. क्रेस यांनी एक साधी गोष्ट करून बघितली. रोज एकदा गुंगीचं औषध थांबवायचं, पेशंट जागा होतो का बघायचं, लागलंच तर निम्म्या मात्रेनं परत सुरू करायचं. यंत्रावरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. २००८ मध्ये अमेरिकेतल्याच चार रुग्णालयांत ३३६ रुग्णांवर आणखी एक पायरी जोडली: सकाळी औषध थांबवायचं आणि लगेच यंत्राशिवाय श्वास जमतो का तेही तपासायचं. वर्षभरानं मोजलं तर असं केलेल्या दर सात रुग्णांमागं एक जीव जास्त वाचला होता. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. पंपाचं एक बटण आणि ते दाबणाऱ्याचं लक्ष.

ज्याच्यामुळं मी रात्रभर जागी राहिले तो लेख २०१३ चा आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा. पहिलंच नाव वाचून मी चष्मा पुसला: प्रतीक पंढरीपांडे. आपल्या नागपूरकडच्या कानाला किती ओळखीचं आडनाव! त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२१ रुग्णांना दवाखान्यात आणि घरी गेल्यावरही तपासलं. त्यातल्या ७४ टक्के लोकांना दवाखान्यात असताना डेलिरियम झाला होता. आपली म्हातारी माणसं त्याला ‘वात झाला’ म्हणतात, वातात बरळतो म्हणतात. आपण आजवर समजत होतो की ताप उतरला, यंत्र सुटलं की वात गेला, विषय संपला. वर्षानंतर तपासलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा मेंदू डोक्याला मध्यम मार बसलेल्या माणसासारखा चालत होता, आणि सुमारे एक चतुर्थांशांचा सौम्य अल्झायमर झालेल्यासारखा. तरुणसुद्धा त्यात होते. वात जितके दिवस टिकला तितकं नुकसान जास्त.

ते वाचून मला तुझी आजी समजली.

तू तिला २०२१ नंतरचीच नीट आठवतेस. एप्रिलमध्ये चंद्रपुरात खाट मिळायची मारामार होती, आम्हाला एक मिळाली म्हणून देवाचे आभार मानले. बारा दिवस ती यंत्रावर होती. कुणालाही आत सोडत नव्हते. हात बांधलेले, मिडाझ चालू, पालथं घालायचं, परत उताणं करायचं. तिथल्या पोरींना मी दोष देत नाही. त्या प्लॅस्टिकच्या सुटात आठ-आठ तास पाणी न पिता उभ्या होत्या. आजी वाचली आणि घरी आली, आरती ओवाळली. पण जिनं पन्नास वर्षं रोवणीच्या बायांची हजेरी तोंडपाठ ठेवली ती आठवडी बाजारात शंभराची नोट घेऊन उभी राहायची आणि किती परत घ्यायचे ते तिला सुचायचं नाही. तुला वाटायचं, वय झालं. तिचं वय ६६ होतं छकुली. आणि मनगटाला कुणी धरलं की ती ओरडायची. मला एकदा म्हणाली, “पांढऱ्या कपड्यातले मानसं मले नदीत टाकाले नेत होते, तू कोठी होतीस?”

मी दाराबाहेर होते. काचेला हात लावून.

आता माझी गोष्ट ऐक, ही कुणाला सांगितलेली नाही. नोकरीला चार वर्षं झाली होती. रात्री एक पेशंट आला, कीटकनाशक पोटात गेलेला, व्हेंटिलेटरवर. पहिले दोन दिवस अॅट्रोपिनमुळं गडबडला होता, ते अपेक्षितच. तिसऱ्या रात्री तो सारखा बांधलेला हात पोटाकडं ओढत होता. मी डॉक्टरांना फोन केला, पेशंट आवरत नाही म्हटलं, त्यांनी मात्रा वाढवायला सांगितली. वाढवली. पुन्हा ओढायला लागला, पुन्हा फोन. पहाटे लघवीची पिशवी रिकामी करायला गेले तर त्यात काहीच नव्हतं. नळी चोंदली होती. पोट दगडासारखं झालं होतं. सहा तास तो माणूस मला एकच गोष्ट सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद करत होते. तो जगला, घरी गेला, जाताना मला नमस्कार केला. त्याचा नमस्कार मला अजून घेता येत नाही.

म्हणून रात्री दोनला कुणी हातपाय झाडायला लागलं की पंपाकडं जाण्याआधी माणसाकडं जा. दुखतंय का, हे सगळ्यात आधी. ऑपरेशनची जखम, मोडलेली फासळी, नळीनं काचलेला ओठ. दुखण्याला दुखण्याचं औषध द्यायचं असतं, गुंगीचं देऊन दुखणं आत कोंडायचं नसतं. मग लघवी, पोट, सक्शनला आलेला कफ, सरकलेली नळी, ऑक्सिजन, साखर. कान दुमडला आहे का. चष्मा, कानाचं यंत्र पिशवीतच पडलंय का. आणि दारू! तुझ्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, त्यामुळं घरचे कधी खरं सांगत नाहीत, पोलिसांत जाईल असं वाटतं त्यांना. बायकोला बाजूला घे, खांद्यावर हात ठेव आणि विचार, रोज किती आणि शेवटची कधी. दारू तुटल्यामुळं जो कापतो आणि भलतं बघतो, त्याला मिडाझ-लोराझेपामच्या घराण्यातलंच औषध लागतं, तिथं कमी पडू देऊ नकोस. इतरांमध्ये त्याच औषधानं वात वाढतो. एकच बाटली, दोन पेशंट, दोन अर्थ. तुझ्या जिल्ह्यात मेंदूत गेलेला मलेरियाही आहे, तोही माणसाला बरळायला लावतो. बरळणं दिसलं की कारण शोधायला डॉक्टरला उठव. झोपवायला उठवू नकोस.

आणि भाषा. तू चंद्रपूरची, तुझी मराठी बेड नंबर ४ ला किती कळली असेल? तुझ्या वॉर्डात भामरागड-एटापल्लीकडचे माडिया येणार, धानोऱ्याकडचे गोंड, सिरोंच्याचे तेलुगू बोलणारे, मुलचेऱ्याचे बंगाली, कोरचीकडचे छत्तीसगढी बोलणारे. डेलिरियम तपासायच्या चाचणीत प्रश्न असतात: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? पर्लकोटा नदीच्या काठच्या म्हातारीला तू हे मराठीत विचारलंस आणि ती नुसती बघत राहिली, तर वात झालाय तिला की भाषा परकी आहे? वॉर्डातल्या मावशींपैकी कुणाला तिची भाषा येते, याची यादी टेबलाच्या काचेखाली ठेव. मुलाला आत बोलव आणि त्याच्याकडून विचारून घे. निदान जोहार तरी कर, छकुली. नळी तोंडात असलेल्या माणसालाही जोहार समजतो.

आजीचे ते पांढऱ्या कपड्यातले लोक मला एका जुन्या गोष्टीपाशी घेऊन गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ मध्ये गडचिरोलीत आले, सर्च संस्था काढली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारलं. उत्तरं सरळ होती. तुमच्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवतो. तिथं सगळे पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्यात मेलेल्याला गुंडाळतो. तिथं आमच्या माणसाला आमच्यापासून वेगळं करतात. मग त्यांच्या शोधग्रामचा दवाखाना गावासारखा बांधला, झोपड्या झोपड्यांचा, नातेवाइकांना पेशंटसोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव दिलं ते त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. हेमलकशालाही १९७३ पासून तेच. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे आधी माडिया शिकले, आणि पेशंटबरोबर त्याचं घर येऊन राहायचं, तिथंच चूल मांडायचं.

ही काही अतिदक्षता विभागांची गोष्ट नाही, हे मला कळतं. पण आज जगभरच्या आयसीयूंमध्ये जी नियमांची साखळी सांगतात, त्यात दुखणं मोजा, रोज जागं करा, औषध निवडून द्या, वात तपासा, लवकर हलवा, आणि शेवटची कडी म्हणजे घरच्यांना सोबत घ्या. ती शेवटची कडी त्यात मागाहून घातली गेली. आपल्या जंगलातल्या माणसानं ती दारातच सांगितली होती, आणि आपण त्याला अडाणी म्हटलं. भामरागडहून गडचिरोलीला पावणेदोनशे किलोमीटर येऊन बाई दवाखान्याच्या व्हरांड्यात भाताचं गाठोडं घेऊन बसते आणि गार्ड तिला म्हणतो, पाचला दहा मिनिटं. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं तिच्या नवऱ्याला हात लावणारं कोण असतं तिथं? तुम्ही दोघी, आठ बेडना.

हेही खरं की सगळ्यांना जागं ठेवता येत नाही. ज्याला आकडी थांबत नाही, ज्याच्या डोक्यात दाब वाढलाय, धनुर्वात, फुप्फुसं इतकी खराब की पालथं घालावं लागलं, त्यांना खोल गुंगी लागते. डेन्मार्कमध्ये ओडेन्सेच्या लोकांनी तर गुंगीचं औषधच न देता रुग्ण सांभाळले, २०१० मध्ये त्याचे चांगले आकडे आले. पण दहा वर्षांनी ७०० रुग्णांवर तीच पद्धत हलक्या गुंगीशी ताडून बघितली तेव्हा मृत्यूत फरक दिसला नाही. आणि तिकडं प्रत्येक बेडशी एक सिस्टर असते. तुझ्याकडं नाही. म्हणून तू एकटीनं पंप बंद करायचा नाही. सकाळच्या राउंडला सरांना विचारायचं: आज याला हे औषध कशासाठी चालू आहे? आज थांबवून बघायचं का? रोज, प्रत्येक बेडपाशी. पहिले चार दिवस चिडतील, पाचव्या दिवशी तेच तुला विचारतील. माझा अनुभव आहे.

हलवण्याचंही तसंच. दहा दिवस पडून राहिलं तर गंभीर आजाऱ्याच्या मांडीचा पुढचा स्नायू जवळजवळ १८ टक्के बारीक होतो, हे लंडनमध्ये सोनोग्राफी लावून मोजलंय. दादाच्या मांड्या मी डोळ्यांनी बघितल्या, पायजम्यात काठ्या घातल्यासारख्या. २००९ मध्ये लँसेटमध्ये आलेल्या एका अभ्यासात यंत्रावर असतानाच पहिल्या एक-दोन दिवसांत व्यायाम सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के लोक घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते, इतरांत ३५ टक्के. म्हणून काही आजच सगळ्यांना ओढून उभं करायला जाऊ नकोस. २०२२ मध्ये ७५० रुग्णांवर नेहमीपेक्षा जास्त जोर लावून बघितला, तर फायदा वाढला नाही आणि नाडी-रक्तदाबाच्या तक्रारी वाढल्या. बेताबेतानं. आधी घोटा, गुडघा, खांदा पलंगावरच हलवायचा, मग पाठ टेकून बसवायचं, मग पाय खाली सोडून.

दादाला पाय खाली सोडून बसवलं त्या दिवशी नळी गळ्यातच होती. फिजिओची मुलगी समोर, मी मागून पाठीला, एक मामा यंत्राची नळी धरून. मान डुगडुगत होती, लाळ गळत होती. त्यानं पहिल्यांदा जमिनीला पाय लावले आणि रडला. मी म्हटलं, दुखतंय का? त्यानं मान हलवली, नाही. नंतर म्हणाला, इतके दिवस छपराकडं बघून बघून मला वाटलं होतं की जमीन आता नाहीच.

हातपाय हलवणं घरच्यांना शिकवता येतं. व्हरांड्यातल्या त्या बाईला आत घे, हात धुवायला लाव, नवऱ्याचा घोटा कसा फिरवायचा दाखव. चार वेळा बघितलं की ती तुझ्यापेक्षा नीट करेल. जन्मभर धान लावणारे हात आहेत ते. तुझं कामही हलकं होईल, आणि तो हात त्याच्या ओळखीचा असेल.

या पत्रासोबत एक वही पाठवते आहे. शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. दादा यंत्रावर असताना मी रोज चार ओळी लिहायची. आज काय झालं, कोण आलं, कोणती बांधी झाली, डॉक्टर काय म्हणाले. मला वाटायचं हा माझा वेडेपणा. पुढं कळलं की स्कॅन्डिनेव्हियातल्या सिस्टर पेशंटसाठी अशाच डायऱ्या ठेवतात, कारण शुद्धीवर आलेल्या माणसाच्या आयुष्यातून आठवडेच्या आठवडे गायब झालेले असतात आणि त्या जागी नुसती भीतीची चित्रं उरतात. दादानं ती वही तीनदा वाचून घेतली. एका पानावर त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, हा दिवस मला वडशाच्या नाटकाचा वाटत होता, मंडपात लाइट गेलेत आणि कुणीच घरी जाऊ देत नाही. त्या तारखेला मी लिहिलं होतं: रात्री दवाखान्याचे दिवे दोनदा गेले. तो वाचून हसला, आणि त्या दिवसापासून ते स्वप्न त्याला पडलं नाही. तुझ्या आजीसाठी अशी वही कुणी लिहिली नाही.

दादा बरा आहे. यंदा पऱ्हे लवकर टाकलेत, पाऊस लागला की रोवणी. तुझ्यासाठी नवा तांदूळ बांधून ठेवलाय, कुणी गडचिरोलीला जाणारा भेटला की पाठवते.

एक राहिलं. फोनवर तू सारखं ‘बेड नंबर ४’ म्हणत होतीस. त्याचं नाव नाही सांगितलंस. हे वाचून ड्युटीवर गेलीस की आधी त्याचं नाव आणि गाव विचार, बाहेर त्याचं कोण बसलंय बघ, आणि घरी काय अर्धवट टाकून आलाय तेही. मग हात सोडून बघ, तू स्वतः शेजारी उभी राहून, सरांना सांगून. काय झालं ते रात्री मला कळव. कितीही वाजले तरी चालेल, मी जागी असते. आणि डबा खाल्ल्याशिवाय निघू नकोस.

तुझी
आत्या